पोरांसाठी तीन लाखांची रायफल घ्यायची का? घ्यायच्या आधी एवढं करा

गेल्या दोन महिन्यात तिसरा फोन आला, मुलगी नेमबाजीच्या रेंजवर जायला लागलीय, स्वतःची एअर रायफल घ्यायची म्हणतोय, अडीच-तीन लाख सांगतायत, घेऊ का. दरवेळी अर्धा तास बोलून घसा सुकतो म्हणून आता लिहूनच ठेवतोय. मी नेमबाज वगैरे नाहीये, काळाचौकी ते शिवाजी पार्क चार वर्षं पोरीची बॅग उचलणारा बाप आहे, पण सावरकर स्मारकाच्या रेंजबाहेर बसून बसून बरंच काही कानावर पडतं आणि थोडंफार खिशातून पण शिकलोय.

आधी एक गंमत. माझा भाचा अमेरिकेत मोंटानात असतो, तिकडे हरणाच्या शिकारीसाठी लोक कस्टम रायफल बनवून घेतात, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, हाताचं माप घेऊन, पाच-सात हजार डॉलर सहज. त्याने मला विचारलं मामा घेऊ का. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे त्यामुळे मी काय सांगणार, पण आकडे त्याच्याकडूनच काढून घेतले. दुकानातली साधी चांगली रायफल आजकाल १०० यार्डांवर इंच-दीड इंचात गोळ्या टाकते आणि हरणाची मर्माची जागा असते आठ-दहा इंचांची. म्हटलं मग उरलेले सात इंच कोणाचे रे? तुझे ना. त्याने दुकानातली घेतली आणि उरलेल्या पैशात काडतुसं घेऊन सराव करतोय.

आपल्या १० मीटर एअर रायफलला पण नेमका हाच हिशोब लावायचा, फक्त इंचाच्या जागी मिलीमीटर. टार्गेटच्या मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलीमीटरचा, बघितला की पोटात गोळा येतो, पण छर्रा, म्हणजे एअर रायफलची गोळी, आहे साडेचार मिलीमीटरचा आणि त्याची कड ठिपक्याला नुसती टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य बरोबर केंद्रापासून अडीच मिलीमीटरच्या आत पडला की झालं दहा. तिथून पाव-पाव मिलीमीटर आत गेलं की एकेक दशांश वाढतो, १०.१, १०.२ करत १०.९ पर्यंत. आता क्लबची जुनी रायफल समजा पाच छर्ऱ्यांचं सात मिलीमीटर रुंद भोक पाडतेय, म्हणजे तिची स्वतःची चूक केंद्रापासून सव्वा मिलीमीटर. तरीही प्रत्येक गोळी दहातच. आणि तुमचं पोरगं सात मारतं तेव्हा ते साडेसात ते दहा मिलीमीटर लांब असतं. त्यातले रायफलचे सव्वा, बाकी सगळे पोराचे. तीन लाख देऊन तुम्ही त्या सव्वातला एक वाचवणार, कळलं का.

म्हणून पैसे काढायच्या आधी एक टेस्ट करा, फुकट आहे. कोचला सांगा की क्लबची जी रायफल पोर वापरतंय ती टेबलावर नीट टेकू देऊन दहा गोळ्या मारून दाखवा, कागद जपून ठेवा. मग त्याच दिवशी पोराला उभं राहून दहा मारायला सांगा. दोन्ही कागद शेजारी ठेवा. टेकूवाल्या कागदावर एकच भोक आणि पोराच्या कागदावर चाळणी असेल तर रायफलचा विषय सहा महिने बंद. टेकूवरच जर भोक पसरलं असेल तर लगेच रायफलला शिव्या घालू नका, छर्रे बदलून बघा. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी या छर्ऱ्यांच्या कंपन्या, एकाच रायफलला एकाचा छर्रा आवडतो दुसऱ्याचा नाही, छर्ऱ्याच्या डोक्याचं माप ४.४९ का ४.५० मिलीमीटर एवढ्याशा फरकानेसुद्धा ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ पडतात ते, बदलतं. आमच्याकडे पोरीचे नऊ जे दहा झाले ते डबा बदलून झाले, आणि मी तोपर्यंत पतपेढीत कर्जाचा फॉर्म आणून ठेवला होता!

आता कस्टम म्हणजे मापाची रायफल हवी हे जे सगळे सांगतात ते खोटं नाहीये, पण माप म्हणजे नवीन रायफल नव्हे. फीनवर्कबाऊ, वॉल्थर, अँशुट्झ, श्टायर कुठलीही मॅच म्हणजे स्पर्धेची रायफल घ्या, ॲल्युमिनियम स्टॉकवाली (दस्त्याची) असली की बटप्लेट (खांद्याला टेकते ती), चीकपीस (गाल टेकतो तो), ग्रिप (मूठ) सगळं ॲलन कीने मागेपुढे वरखाली होतं. ते कोणी करतच नाही, आधीच्या पोराने लावलेल्या मापावर पुढचं पोर वर्षभर वाकून मारत राहतं. एक रविवार काढा. आधी पोराला रायफलशिवाय सरळ उभं करा, मान ताठ, मग रायफल पोराकडे आणा, पोर रायफलकडे वाकायला नको. बटप्लेट एवढी वर-खाली करा की डोकं न झुकवता डोळा मागच्या साइटसमोर (नेम धरायच्या भोकासमोर) यावा. मग चीकपीस, गालाचं हाड नुसतं टेकलं पाहिजे, दाबायला लागलं तर चूक. लांबी अशी की डावा कोपर कंबरेच्या हाडावर आरामात बसेल, खांद्याने रायफल उचलून धरायला लागता कामा नये. शेवटी डोळे मिटून दोन श्वास घ्यायला लावा आणि उघडायला सांगा. साइट टार्गेटवरच असेल तर ठीक, बाजूला गेली असेल तर हाताने ओढून आणायची नाही, पाय सरकवायचे. प्रत्येक बदल वहीत लिहा, किती मिलीमीटर, कुठला स्क्रू. एका दिवशी एकच गोष्ट बदला नाहीतर काय उपयोगी पडलं ते कधीच कळणार नाही. आणि पोरं वाढतात हो, बारा वर्षांच्या मुलीचं माप घेऊन बनवलेली ग्रिप चौदाव्या वर्षी कोणाला घालणार?

ग्रिप बसत नसेल तर लाकडी ग्रिपवर एम-सील लावून हात दाबा, सुकलं की पॉलिश पेपर मारा. दिसायला भिकार, पण शंभर-दोनशे रुपयात कस्टम.

मग पैसे घालायचे कुठे? माझ्या मते आधी नेमबाजीचं जॅकेट आणि बूट. कमरेला आणि पाठीला आधार तिथून मिळतो, आणि जॅकेटच्या कडकपणाला नियम आहेत, स्पर्धेत मशीनवर तपासतात, म्हणून कोचला दाखवल्याशिवाय घेऊ नका. मग छर्रे. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला शंभर धरले तरी महिन्याला बाराशे, म्हणजे पाचशेचे जवळजवळ अडीच डबे, दर महिन्याला, हा खर्च थांबत नाही आणि रायफलच्या हप्त्यात हाच खर्च बुडतो हे मी दोन-तीन घरात बघितलंय. रायफल एकदम भारी आणि पोर छर्रे मोजून मारतंय. घरी रिकाम्या रायफलने वीस मिनिटं होल्डिंग, म्हणजे नुसता नेम धरून उभं राहणं, मात्र फुकट आहे आणि तेच सगळ्यात कंटाळवाणं म्हणून होत नाही.

महाग रायफल कधी घ्यावी हे पण सांगतो. ६० गोळ्यांची मॅच, जास्तीत जास्त ६५४ गुण. पोर घरच्या रेंजवर नाही, स्पर्धेत, सलग तीनदा ६१५ च्या पुढे गेलं की गोळीमागे सरासरी १०.२५ झाली, इथे अर्धा मिलीमीटर म्हणजे दोन दशांश आणि ते खरंच मोजायला लागतात. तेव्हा घ्या, बिनधास्त घ्या. दुसरं, पोर डावखुरं असेल तर, कारण क्लबात डाव्या हाताची सहसा मिळतच नाही. आणि हो, २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने ब्राँझ घेतल्यापासून काही लोक थेट ती रायफल विचारतात, ती ५० मीटर थ्री पोझिशनची (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून मारायची) पॉइंट टू-टू, काडतुसाची आहे, तिला शस्त्र परवाना लागतो. मॅचची एअर रायफल ४.५ मिलीमीटरची आणि साधारण साडेसात ज्यूल ताकदीची, परवान्याच्या २० ज्यूलच्या मर्यादेच्या बरीच आत, म्हणून तिला परवाना लागत नाही.

सेकंड हँड घेणार असाल, आणि पहिली रायफल सेकंड हँडच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, तर रायफलला जोडलेल्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख सगळ्यात आधी बघा. सिलिंडरचं आयुष्य जास्तीत जास्त दहा वर्षं, त्यानंतर स्पर्धेत चालत नाही. मला एकाने रायफल चकाचक पुसून दिली, मी ट्रिगर बघितला, बॅरल बघितली, पोरगी पण खूश, आणि पहिल्याच स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य तपासणीच्या, टेबलावर त्या माणसाने सिलिंडर फिरवून तारीख दाखवली. चार महिने आधी संपलेली. नवीन सिलिंडर बाहेरून येईपर्यंत पोरगी परत क्लबच्याच रायफलवर, आणि तिथेच तिचा तोपर्यंतचा बेस्ट स्कोअर आला, घरी मला जेवताना कोणी वाढेना.

तारखेनंतर सिलिंडर भरून रात्रभर ठेवायला लावा, २०० बारवरचा दाबाचा काटा सकाळी खाली आला तर सील गेलेत. स्टॉकचा प्रत्येक स्क्रू फिरवून बघा, गंजून बसलेला असतो.

गंजावरून आठवलं, मुंबईत जून ते सप्टेंबर रायफल बॅगेत बंद करून ठेवायची नाही. भिजलेल्या छत्रीशेजारून आलेली बॅग घरी आल्या आल्या उघडा, फोम पंख्याखाली सुकवा, बॅरलमधून फेल्टचा बोळा काढा, सिलिका जेलची पुडी टाका, जॅकेट हँगरला. नाहीतर ऑगस्टमध्ये त्या कॅनव्हासवर हिरवी बुरशी येते आणि वास गणपती विसर्जनापर्यंत जात नाही. लोकलने जात असाल तर बिलाची झेरॉक्स आणि क्लबचं आयकार्ड बॅगेच्या वरच्याच कप्प्यात, कारण एवढी लांब पेटी दिसली की स्टेशनवर पोलीस थांबवणारच आणि थांबवलं पण पाहिजे. आणि संध्याकाळी सहाच्या गर्दीच्या लोकलला ती पेटी घेऊन चढायच्या भानगडीत पडू नका, आम्ही साडेआठची पकडतो.