जिताड्याच्या पिल्लांचं पहिलं खाणं

मुंबईत जिताडा मासा ताटात सगळ्यांना हवा, पण हॅचरीत (माशांची पिल्लं तयार करण्याच्या केंद्रात) त्याची पिल्लं जगवायची तर पहिला आठवडाच खरा कसोटीचा. अंड्यातून निघाल्यावर दोनेक दिवस बलकावर भागतं, तोंड उघडलं की मात्र लगेच रोटिफर (पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) हवेत, म्हणून रोटिफरचं कल्चर, म्हणजे टाकीत वाढवलेला साठा, आधीच जोमात पाहिजे, ऐनवेळी धावपळ करून काही होत नाही. मिलिलिटरला 10 ते 20 रोटिफर ठेवा आणि रोज मायक्रोस्कोपखाली मोजा, अंदाजाने नको. पाण्यात नॅनोक्लोरॉप्सिस हे सूक्ष्म शेवाळ सोडा म्हणजे रोटिफरपण खाऊन राहतात, उपाशी रोटिफरमधून पिल्लाला काय मिळणार? साधारण दहाव्या दिवसापासून आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या छोट्या जीवाची नुकती निघालेली पिल्लं) द्या, पण रोटिफर एकदम बंद करू नका. आर्टेमियाच्या अंड्यांची टरफलं नीट वेगळी काढा, ती पिल्लांच्या आतड्यात अडकतात.