वेलबुट्टी दिसत नाही? बॅटरी बाजूने धरा

ग्वाल्हेरच्या गुजरी महाल संग्रहालयात दगडी शिल्पांवर कमळं, वेली, पानं खच्चून कोरलीत. पण समोरून पाहिलं की नुसता सपाट दगड. आत्या तर म्हणाली, "कुठंय रे वेल?"

१. बॅटरी लावली तर चालेल का, हे आधी रखवालदारांना विचारा.
२. मोबाईलची बॅटरी (टॉर्च) शिल्पासमोर नको, एका कडेला, जवळजवळ भिंतीला समांतर धरा. पानाच्या शिरेची सावली पडते आणि वेल उठून दिसते. हात सावकाश वरखाली करा. कमळाची पाकळी न् पाकळी सुटी होते.
३. फोटो दुसऱ्या फोनने, फ्लॅश बंद.

ग्यारसपूरची शालभंजिका (स्त्रीची दगडी मूर्ती) इथेच, पण बंदोबस्तात असते, तिच्याबद्दल तिकीट काढतानाच विचारा. सोमवारी संग्रहालय बंद. आणि शिल्पाला फोन टेकवू नका.