चीअरलीडिंगची स्पर्धा बघावी ती पायापासून

स्पर्धेचा व्हिडिओ लावला की हवेत गेलेल्या मुलीकडे बघू नका. निदान पहिल्या वेळी तरी नको. नजर खाली ठेवा, तिला उचलून धरणाऱ्यांच्या पावलांवर, गुडघ्यांवर, मनगटांवर. लालबागला आमच्या हॉलमध्ये चीअर शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला आणि तिच्या आईबाबांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते. मी महिला गोविंदा पथकात वर्षानुवर्षं खालच्या थराला उभी राहिलेली बाई. वर काय होणार ते खालच्यांना आधी कळतं.

वरच्या मुलीला फ्लायर म्हणतात, तिला पेलणाऱ्या दोघी त्या बेस, आणि मागे उभी राहून तिचे घोटे धरणारी ती बॅकस्पॉट. बेसची पावलं जागेवरून सरकायला लागली की समजा, स्टंट, म्हणजे ही उचलून धरण्याची कसरत, डळमळतोय. वरच्या मुलीच्या चेहऱ्यावर ते अजून उमटलेलंही नसतं. सगळं रूटीन, म्हणजे मॅटवरचं अख्खं सादरीकरण, गुणांची एकही वजावट न होता पार पडलं तर त्याला ‘हिट झिरो’ म्हणतात. जगात कुठेही जा, मॅटवरून उतरताना पोरं आधी याच शब्दाची वाट बघत असतात.

दुसऱ्यांदा बघताना आवाज बंद करा. गाण्याच्या ठेक्यावर सगळ्याच टीम एकत्र हलल्यासारख्या वाटतात. आवाज गेला की कोण अर्धा ठोका मागे आहे ते लगेच दिसतं. तिसऱ्यांदा मात्र आवाज मोठा करून, घरच्यांना सोबत घेऊन बघा, कारण प्रेक्षक हा या खेळाचा अर्धा भाग आहे.

आता देशांकडे वळू. मुली मला रील दाखवतात आणि म्हणतात, “ताई, हे करूया ना.” मी दोनच गोष्टी विचारते: ही टीम कसल्या जमिनीवर उभी आहे, आणि ओरडतेय कोणासाठी? या दोन्हींची उत्तरं देशागणिक बदलतात. ती माहीत नसताना नक्कल करणं धोक्याचं आहे.

अमेरिकेत एक नाही, तीन तऱ्हेच्या स्पर्धा

आपल्याकडे चीअरलीडर म्हटलं की लोकांना २००८ सालची पहिली आयपीएल आणि वानखेडेची सीमारेषा आठवते. ते करमणुकीचं काम आहे आणि ते करणाऱ्यांनाही मेहनत लागते. पण स्पर्धेतल्या चीअरमध्ये दुसरा सामनाच नसतो, मॅटवरची टीम हाच सामना. चीअरलीडिंगची सुरुवात १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठात झाली. अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्याने गर्दीकडून घोषणा म्हणवून घेतल्या. सुरुवातीला हे मुलांचंच काम होतं, मिनेसोटात मुली आल्या १९२३ साली. आपल्या मुलग्याला या खेळात घालायला कचरणाऱ्या वडिलांना मी ही दोन सालं आवर्जून सांगते.

कॉलेजच्या स्पर्धा बघायच्या असतील तर एप्रिलमधली डेटोना बीचची एनसीए (नॅशनल चीअरलीडर्स असोसिएशन) स्पर्धा बघा. फ्लोरिडात समुद्राला लागून एक बँडशेल, म्हणजे उघडा रंगमंच आहे, तिथे मॅट अंथरतात. वर ऊन, बाजूने खारा वारा. गिरगाव चौपाटीवर कधी संध्याकाळी उभं राहिला असाल तर वाऱ्याने फ्लायरचं काय होत असेल ते सांगावं लागणार नाही. तिथे नवारो कॉलेजसारखी चाळीसेक जणांची टीम वर्षभर घाम गाळते, त्यातले २० मॅटवर उतरतात आणि सव्वादोन मिनिटांत सगळं संपतं. जिंकलेली टीम कपड्यांनिशी धावत समुद्रात शिरते. व्हिडिओत तेवढंच बघून थांबू नका. रूटीनच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात, दम संपत आलेला असताना, पिरॅमिडखालच्या मुलांच्या कोपरांकडे बघा. कोपर सरळ राहिलं की वजन हाडांवर जातं. वाकलं की सगळा भार स्नायूंवर, आणि मग थरथर सुरू.

ओरलँडोला डिस्नीच्या आवारात होणाऱ्या यूसीएच्या (युनिव्हर्सल चीअरलीडर्स असोसिएशन) शाळा-कॉलेज स्पर्धांचा नूर वेगळा. तिथे गेम डे नावाचा गट आहे. त्यात उड्यांपेक्षा फलक, पॉमपॉम आणि मेगाफोन वापरून गर्दीला कसं बोलतं करता, याला महत्त्व. माझं मत विचाराल तर मुंबईतल्या नव्या टीमने सुरुवात या गटापासून करावी. आपल्या पोरांना गर्दी हाताळणं उपजत येतं.

तिसरी तऱ्हा ऑल स्टारची. खासगी जिम, कुठल्याही शाळेशी संबंध नाही, केसांत मोठाल्या बो (रिबिनीच्या गाठी), आणि १ ते ७ अशा लेव्हल. इथे जमीन नीट बघा. ५४ फूट बाय ४२ फुटांची ती निळी जागा नुसती मॅट नसते, तिच्याखाली स्प्रिंग असतात. पोरगी उडते त्यात थोडा वाटा जमिनीचाही असतो. कॉलेजवाले स्प्रिंग नसलेल्या मॅटवर करतात, तिथे उडी फक्त पायांची. म्हणून रील आवडलं की आधी लेव्हल शोधा. लेव्हल १ मध्ये कोलांट्या, कार्टव्हील, वॉकओव्हर एवढंच, म्हणजे हात किंवा पाय सतत जमिनीला. बॅक हँडस्प्रिंगची, म्हणजे मागे उडी घेऊन हातांवरून उलटण्याची, परवानगी लेव्हल २ पासून. बारा वर्षांच्या मुलीने लेव्हल ६ चं टम्बलिंग, म्हणजे कोलांट्या-उड्या, मोबाइलवर बघून सोसायटीच्या गच्चीवर करायचं नाही. इथे मी कोणाचंही ऐकत नाही.

ऑल स्टारची सगळ्यात मोठी स्पर्धा, चीअरलीडिंग वर्ल्ड्स, २००४ पासून ओरलँडोला होते. तिथे नुसतं नाव नोंदवून जाता येत नाही. आधी पात्रतेच्या स्पर्धेत ‘बिड’ मिळवावं लागतं, आणि काही बिडमध्ये प्रवास-मुक्कामाचा खर्चही मिळतो.

देशाच्या नावाने उतरायचं तर

राष्ट्रीय संघांची स्पर्धा निराळी. ती इंटरनॅशनल चीअर युनियनची, म्हणजे आयसीयूची. संस्था २००४ ची. ऑलिंपिक समितीने तिला २०१६ साली तात्पुरती आणि २०२१ साली पूर्ण मान्यता दिली. याचा अर्थ चीअर ऑलिंपिकमध्ये आलं असा नाही. मान्यता मिळणं आणि खेळांच्या यादीत येणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पालकांना हे स्पष्ट सांगते, म्हणजे कोणी खोटी आशा दाखवून फी उकळू नये.

ही स्पर्धाही एप्रिलमध्ये ओरलँडोला भरते. टीम चीअरमध्ये रूटीनचे दोन भाग: आधी घोषणांचा भाग, मग जास्तीत जास्त अडीच मिनिटांचं संगीतावरचं रूटीन. घोषणांच्या भागात मातृभाषेला प्रोत्साहन आहे, तसं गुणांच्या निकषातच म्हटलंय. म्हणून हा भाग गाळून पुढे जाऊ नका. एकामागोमाग एक देश आपापल्या भाषेत ओरडतात तेव्हा कुठल्या घोषणा सभागृहाच्या मागच्या रांगेपर्यंत पोचतात ते ऐका. ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ यांवर संपणारे शब्द लांब जातात, जोडाक्षरांवर संपणारे तिथेच विरतात. आमच्या मुलींनी त्यावरून स्वतःची घोषणा बांधली: “कोण आले? आम्ही आलो! कुठून आले? लालबागहून आलो!” साधी आहे, पण रस्त्यापलीकडच्या वडापावच्या गाडीपर्यंत ऐकू जाते.

याच स्पर्धेत विशेष क्षमता असलेल्या खेळाडूंचे गटही आहेत, त्यातल्या युनिफाइड गटात अपंग आणि अपंगत्व नसलेले खेळाडू एकाच मॅटवर एकत्र उतरतात. ते जरूर बघा. व्हीलचेअरवरची मुलगी बेस म्हणून कशी उभी करतात, वजन कुठून कुठे नेतात, याचं तंत्र कोणत्याही प्रशिक्षकाने शिकण्यासारखं आहे.

आणि उंची. वरच्या लेव्हललाही पिरॅमिड अडीच माणसांपेक्षा उंच नेता येत नाही. आपल्याकडे जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ साली ठाण्यात नऊ थर लावले, त्यामुळे अडीच ऐकून मुंबईकर खांदे उडवतात. तसं करू नका. हंडीला खाली शेकडो माणसांचा वेढा असतो, एकमेकांच्या खांद्यांत खांदे अडकवलेले असतात, आणि वरचा एक्का पाठीपाठीवरून चढत जातो. चीअरमध्ये वेढा नाही. दोन बेसच्या चार हातांवर फ्लायर सेकंदभरात डोक्यावर जाते, एका पायावर उभी राहते, हवेतून फिरते आणि तिला अलगद झेलावं लागतं. उतरणं हेही गुणांचं काम आहे. आमच्याकडे पथकातून आलेल्या मुलींना चढणं शिकवावं लागत नाही, झेलणं शिकवायला महिने जातात.

मनिला: घरी सगळ्यांनी मिळून बघायची स्पर्धा

मला एकच स्पर्धा प्रत्यक्ष बघायला पाठवलं तर मी मनिलाला जाईन. फिलिपिन्समध्ये विद्यापीठांच्या यूएएपी संघटनेची चीअरडान्स स्पर्धा १९९४ पासून होते. आठ विद्यापीठं, आणि अरानेटा कोलिसियम किंवा मॉल ऑफ एशिया अरेनासारखं खचाखच भरलेलं सभागृह. प्रत्येक विद्यापीठाचे पाठीराखे आपल्या रंगाचे कपडे घालून एका बाजूला बसतात, ढोल वाजवणारे सोबत असतात, आणि टीम यायच्या आधीच घोषणायुद्ध सुरू झालेलं असतं. आपल्या शालेय कबड्डीच्या फायनलला दोन शाळांच्या पोरांत जे चालतं तेच, फक्त हजारोंच्या संख्येने.

नावातच चीअर आणि डान्स दोन्ही आहेत आणि गुणही दोन्हींना आहेत. रूटीन अमेरिकेपेक्षा बरंच लांब असतं, त्याला एक कल्पना असते, पोशाख त्या कल्पनेचा असतो. युनिव्हर्सिटी ऑफ सान्तो तोमासचं सालिंगगावी पथक २००२ ते २००६ सलग पाच वेळा जिंकलं. मग नॅशनल युनिव्हर्सिटीने २०१३ ते २०१६ सलग चार वेळा बाजी मारली. या दोघांची रूटीन पाठोपाठ लावा. आधीच्या काळात नाच किती होता आणि नंतर टॉस (फ्लायरला हवेत फेकून झेलणं) आणि टम्बलिंग किती वाढलं, ते डोळ्यांना दिसेल. युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्सच्या पेप स्क्वाडचं २०१२ चं रूटीनही शोधा. मुलींनी डोकी तासून घेतली होती. केस, बो, मेकअप यांशिवायही केवढा रुबाब असू शकतो हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

मनिला आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. दुपारी दोनला सुरू झालेली स्पर्धा आपल्याकडे साडेअकराला दिसते, म्हणजे रविवार असेल तर जेवणाच्या आधी निम्मी बघून होते. अलीकडे ती नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास होते, आणि बरीच रूटीन यूट्यूबवर फुकट मिळतात. अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांसाठी व्हार्सिटी टीव्ही या ऑनलाइन वाहिनीची वर्गणी भरावी लागते, शिवाय एप्रिलमध्ये ओरलँडोची संध्याकाळी सातची फेरी म्हणजे आपली पहाटे साडेचार.

जपानकडून काय घ्यायचं

शिस्त, असं सगळे सांगतील. मी म्हणेन, सुरुवात बघा. जपानी टीम मॅटवर येते ती धावत, हसत, आणि प्रत्येक जण जागेवर थांबतो तेव्हा हातांचे कोन सारखे असतात. तिथे चीअरच्या आधीपासून ओएंदान आहेत: काळे लांब कोट घातलेली, ढोलावर ओरडणारी विद्यार्थ्यांची समर्थक पथकं. ऑगस्टमध्ये कोशिएन मैदानावरच्या शालेय बेसबॉलला स्टँडमध्ये त्यांचं आणि बँडचं काम बघण्यासारखं असतं. त्याच महिन्यात जपान कप ही चीअरची राष्ट्रीय स्पर्धा होते. तिथल्या रूटीनमध्ये संगीताशिवाय, नुसत्या आवाजावर चालणारा मोठा भाग असतो. आवाज बंद करून बघायची माझी युक्ती या भागाला मुद्दाम लावू नका. उलट डोळे मिटून ऐका, सोळा जणांचा आवाज एका गळ्यातून आल्यासारखा येतो.

युरोपबद्दल थोडक्यात. जर्मनी आणि फिनलंडमध्ये चीअर अमेरिकन फुटबॉलच्या मागोमाग आलं, आज ते स्वतंत्र क्लबांत वाढतंय. फिनलंडच्या फक्त मुलींच्या टीम जरूर बघा, ताकदीचे स्टंट मुलग्यांशिवाय कसे उभे राहतात ते कळेल. मेक्सिकोत मैदानातल्या ‘पोर्रा’ म्हणजे समर्थनाच्या घोषणांची परंपरा जुनी आहे, आणि तिथल्या टीमच्या आवाजात ती ऐकू येते.

बघून झाल्यावर, आपल्या हॉलमध्ये

आपल्याकडे बहुतेक हॉलची जमीन लादीची किंवा सिमेंटची. अमेरिकेतही शाळांच्या नियमांत कडक जमिनीवर बास्केट टॉसला, म्हणजे हातांची जाळी करून फ्लायरला उंच फेकण्याला, बंदी आहे. मग आपण का करावा? ज्युदोच्या मॅट जोडून घ्या, फटी टेपने बंद करा, आणि पावसाळ्यात सरावाआधी त्या कोरड्या कापडाने पुसा. जुलैत दमट हवेने मॅट ओलसर राहतात आणि बेसची टाच घसरते. अंगठ्या, कानातलं, पैंजण, नखं, काही नको. गुरुपौर्णिमेला हंडीचा सराव सुरू झाला की आमच्या काही मुली पथकात जातात. त्या दिवसांत त्यांना मी टॉस देत नाही, खांद्यांवर दुप्पट भार येतो.

व्हिडिओतली गोष्ट करून बघायची तर आधी जमिनीवर, फ्लायरशिवाय. बेस आणि बॅकस्पॉटने मोजणी म्हणत नुसते हात वर-खाली करायचे. मग फ्लायर कमरेच्या उंचीपर्यंत, मग खांद्यापर्यंत. त्या उंचीला बेसची पावलं हलली नाहीत तरच पुढे. आणि प्रत्येक सराव मोबाइलवर घ्या, पण कॅमेरा गुडघ्यांच्या उंचीला ठेवा. पोरी कुरकुरतात, चेहरे नीट येत नाहीत म्हणून. येऊ नयेतच, त्या व्हिडिओत आपल्याला पाय बघायचे आहेत.