टायमिंग बेल्ट बदलताना या चुका टाळा

मागच्या एप्रिलात भर दुपारी बीडहून लातूरला निघालो होतो. मांजरसुंबा मागे पडलं आणि सपाट रस्त्यावर गाडी एकदम बंद झाली. ना धूर, ना मोठा आवाज. स्टिअरिंग जड झालं, दोनदा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं झालं. कशीबशी कडेला घेतली. सेल्फ मारला तर इंजिन नेहमीसारखं धाप टाकत फिरेना, सुर्रकन मोकळंच फिरलं. मी आणखी तीनदा सेल्फ मारला.

टोचन करून गाडी बीडला आणली. गॅरेजच्या उस्तादांनी इंजिनाचं पुढचं कव्हर खोललं आणि टायमिंग बेल्ट बोटाने ओढला. सात-आठ दात सलग झडलेले, पाठीवर बारीक भेगा.

"किती झाली गाडी?"

"अठ्ठावन्न हजार."

"किलोमीटर नाही दादा, साल सांगा."

गाडी नऊ वर्षांची होती. बेल्ट कंपनीतून आला तोच. आठपैकी पाच व्हॉल्व्ह वाकले होते आणि एकूण बिल 46 हजारांचं झालं. वेळेवर बदलला असता तर याच्या निम्म्यातही काम झालं असतं.

पिस्टनला जोडलेला क्रँकशाफ्ट दोन फेरे मारतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एक मारतो. हा मेळ बेल्टचे दात राखतात. बहुतेक डिझेल इंजिनांत पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह जेमतेम बाजूला झालेला असतो. दात झडले की कॅम थांबतो, पिस्टन थांबत नाही, आणि तो उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो. म्हणून गाडी अशी बंद पडून सेल्फ मोकळा फिरायला लागला तर तिथंच हात थांबवा. दुसऱ्यांदा सेल्फ नको, धक्का स्टार्ट तर मुळीच नको. सरळ टोचन करा.

फक्त किलोमीटर मोजणं

मॅन्युअलमध्ये किलोमीटरही दिलेले असतात आणि वर्षंही. जे आधी पूर्ण होईल ते धरायचं. इंजिनाप्रमाणे हा आकडा साठ हजारांपासून दीड लाखापर्यंत कुठेही असू शकतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. त्यात काळ्या रानातल्या रस्त्यांचा फुफाटा. कव्हरची एखादी क्लिप तुटली असेल तर तो थेट बेल्टवर जातो. गाडी वाड्यात उभी असली तरी रबर म्हातारं होतच असतं. कमी चालवतो म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी वर्षं मोजावीत.

गाडीत चेन आहे की बेल्ट, हेच माहीत नसणं

स्विफ्टचं 1.3 डिझेल, मारुतीची के सिरीज पेट्रोल इंजिनं आणि इनोव्हा क्रिस्टाचं डिझेल यांत बेल्टऐवजी चेन असते. डस्टरचं 1.5 डिझेल, इंडिकाचं 1.4 डिझेल, आधीची डी-फोर-डी इनोव्हा, आणि 2001 पासून आपल्याच संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जुळणी होऊ लागलेल्या ऑक्टाव्हियाचं 1.9 टीडीआय, या सगळ्यांत बेल्ट.

जुनी गाडी घेताना "बेल्ट आत्ताच बदललाय" असं सांगितलं जातं. नीट विचारलं तर तो अल्टरनेटरचा बाहेरचा बेल्ट निघतो. ज्या इनोव्हात टायमिंग बेल्टचा दिवा आहे, तिथे तो विझलेला आहे एवढ्यावर भरवसा ठेवू नका. बेल्टला हात न लावताही तो दिवा रिसेट करता येतो. बिलावर किट (बेल्ट आणि त्याच्यासोबत बदलायचे भाग) आणि मजुरी लिहिलेली नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून भाव करा.

बेल्ट एकटाच बदलणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, कारण करताना ती काटकसर वाटते. या कामात मजुरी मोठी असते. इंजिन माउंट सोडा, पुली काढा, कव्हरं उतरवा. बेल्टपर्यंत पोचायलाच अर्धा दिवस जातो. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वाट देणारं चाक म्हणजे आयडलर, हे दोन्ही तितकेच फिरलेले असतात. टेन्शनरचं बेअरिंग जाम झालं तर नवाकोरा बेल्टही आठवड्यात जातो आणि व्हॉल्व्ह वाकायचे ते वाकतातच. ज्या इंजिनात पाण्याचा पंपही याच बेल्टवर फिरतो (डस्टरच्या डिझेलमध्ये तसंच आहे), तिथे पंपही बदलून टाका. वर्षभराने पंप गळायला लागला तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

कव्हर उघडल्यावर स्वतः वाकून पाहा. आतल्या बाजूला तेलाचा ओलसरपणा दिसला तर कॅम किंवा क्रँकचं सील गळतंय. ते सील तसंच ठेवून नवा बेल्ट चढवू नका, तेलाने रबर फुगतं आणि दात सुटतात. जुना टेन्शनर हातात घेऊन कानाजवळ फिरवा. आत ग्रीस शिल्लक असेल तर तो जडसर फिरतो. वाळूसारखा खरखरला किंवा भिंगरीसारखा मोकळा फिरला तर तो संपला.

नवा बेल्ट कुणी घडी घालून किंवा पिळून दाखवत असेल तर तो घेऊ नका. आतले काचेच्या तंतूंचे धागे तुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही.

अंदाजाने जोडणं

जुन्या बेल्टवर व्हाइटनरच्या खुणा करून त्या नव्यावर उतरवायची पद्धत अजून चालते. आधीच एखादा दात सरकलेला असेल तर ती चूकही नव्या बेल्टवर उतरते. कॅम आणि क्रँक जागेवर धरणारी पिन किंवा लॉकिंग टूल त्या इंजिनासाठी आहे का, हे काम देण्याआधीच विचारा. इंजिन थंड असू द्या. बेल्ट बसला, टेन्शनरची खूण जुळली, की क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि खुणा पुन्हा तपासायच्या. फिरताना मध्ये कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. हे दोन फेरे होईपर्यंत सेल्फ मारू देऊ नका, उस्ताद कितीही घाईत असोत.

नंतर गाडी अवघड स्टार्ट होत असेल, धूर काढत असेल, स्कॅनरवर पी-0016 कोड येत असेल, तर एखादा दात चुकल्याची शंका घ्या. पुढून शिट्टीसारखा बारीक आवाज आला तर बेल्ट जास्त ताणलेला असू शकतो.

बिलाचा नुसता एकूण आकडा बघणं

दिवाळीआधी मेव्हण्याच्या डस्टरचं काम जवळ उभं राहून करून घेतलं. किट 8,200, पंप 2,900, कूलंट 900, मजुरी 4,000, एकूण 16,000. असं वेगवेगळं लिहून मागा. गेट्स, कॉन्टिटेक, डेको यांची किट बाजारात मिळतात, पण डबा सीलबंद हवा आणि आपल्यासमोर फुटायला हवा. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर वेगळा जीएसटी लावला तर तिथंच थांबवा. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर 18 टक्के कर आहे, तेव्हा जुन्या 28 टक्क्यांचा हिशेब मान्य करू नका.

बेल्ट तुटलेला असेल तर हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवल्याशिवाय "इंजिन गेलं" हे ऐकून घेऊ नका. आधी बेल्ट बसवून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघता येतं. हेड काढावंच लागलं तर बिलात व्हॉल्व्ह, स्टेम सील, हेड गॅस्केट, नवे हेड बोल्ट, फेसिंग (हेडची बाजू सपाट करणं) आणि हेडची प्रेशर टेस्ट येणारच. या बाबी रास्त आहेत. वाकलेले व्हॉल्व्ह मात्र मागून घ्या. काचेवर ठेवून दांडी लोळवली की वाकलेला व्हॉल्व्ह डोलतो, सरळ असलेला निमूट घरंगळतो. पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हच्या कडेची चंद्रकोर उमटलेली असते, ती किती खोल आहे तेही दाखवायला सांगा.

काम झालं की कव्हरवर पक्क्या मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या. माझ्या गाडीवर उस्तादांनी त्याखाली पुढच्या बदलाचं सालही लिहिलंय, मोठ्या अक्षरात, बॉनेट उघडलं की आधी तेच दिसतं.