मुंबईतल्या मिठी नदीचं पाणी तपासताना या चुका टाळा

दर रविवारी सकाळी दहाला माहीमच्या खाडीजवळ बाटली भरायची, असं वेळापत्रक नदीवर काम करू पाहणारे विद्यार्थी हमखास आखतात. शिस्त चांगली आहे, पण मिठीच्या मुखाशी हीच शिस्त फसवते. मुंबईत दिवसातून दोनदा भरती येते आणि ती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. सात दिवसांत हा उशीर जवळपास सहा तासांचा होतो. म्हणजे या रविवारी दहाला भरती असेल, तर पुढच्या रविवारी दहाला ओहोटी. आलेख करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होतो आणि आपण मात्र कारखान्यांच्या पाळ्यांमध्ये कारण शोधत बसतो.

नदीचं खरं पाणी हवं असेल तर ओहोटीच्या शेवटच्या तासात नमुना घ्या. भरती-ओहोटीच्या कोष्टकातली वेळ बंदरावरची असते, आत नदीत पाणी त्यानंतर चढतं. म्हणून पुलावर उभं राहून पाण्यावरचा कचरा कुठल्या दिशेला जातोय ते आधी पाहा. वहीत वेळेबरोबर भरती की ओहोटी, उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती) की भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती), हेही लिहा. या नोंदीशिवाय आलेला आकडा कशाशीही ताडून पाहता येत नाही.

हातात मावणारा टीडीएस मीटर घेऊन ‘प्रदूषण मोजलं’ म्हणू नका. तो पाण्यातून वीज किती वाहते यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. मैला किती, हे त्याला कळत नाही. मात्र माहीमला तो एका कामाला येतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तुमच्या बाटलीत १७ ग्रॅम निघाले, तर त्यातलं निम्मं पाणी अरबी समुद्राचं आहे. हे प्रयोगशाळेला आधीच सांगा, कारण खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रसायनांनी जाळायला लागणारा प्राणवायू, खोटा वाढतो. नेहमीची पद्धत लिटरमागे २००० मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंतच भरवशाची आहे आणि समुद्रात ते १९,००० च्या आसपास असतं.

सगळ्यात जास्त घोळ बीओडीत, म्हणजे जिवाणूंना घाण खाताना लागणाऱ्या प्राणवायूच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) चाचणीत होतो. वेगवेगळ्या ठिकाणचे नमुने दिले आणि सगळीकडे ७ च्या आसपास आकडा आला, तर खूश होऊ नका. ३० अंशांना गोड्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे ७.५ मिलिग्रॅमच विरघळतो. पाणी पातळ न करता बाटलीत कोंडलं की जिवाणू तेवढा सगळा संपवतात आणि मग मोजायलाच काही उरत नाही. म्हणून नमुना स्वच्छ पाण्याने असा पातळ करा की शेवटी निदान १ मिलिग्रॅम उरला पाहिजे आणि निदान २ मिलिग्रॅम खर्च झाला पाहिजे. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत १५ मिलिलिटर नमुना घातला (म्हणजे तो २० पट पातळ झाला) आणि प्राणवायू ७.६ वरून ४.१ वर आला, तर ३.५ गुणिले २०, म्हणजे बीओडी ७०. नदीत आंघोळ करण्याजोग्या पाण्यासाठी मर्यादा ३ ची आहे. आपल्याकडे ही चाचणी २७ अंशांना तीन दिवस करतात. परदेशी अहवालांतले आकडे बहुधा २० अंशांना पाच दिवसांचे असतात, ते शेजारी ठेवताना हे बघून घ्या.

बीओडी कमी पण सीओडी भरपूर, असंही होतं. साकीनाका, कुर्ल्याकडच्या नाल्यांत हा संशय आधी घ्यावा, कारण तिथे रसायनांचे पिंप धुतलेलं पाणी येऊ शकतं. विषारी पाण्यात जिवाणूच मरतात, मग प्राणवायू खर्च कोण करणार? तोच नमुना अधिकाधिक पातळ करून बघा. प्रत्येक बाटलीत शेवटी प्राणवायू उरलेला असूनही पातळ केल्यावर बीओडी चढत गेला, तर पाण्यात विष असण्याचा संशय धरा आणि धातूंची तपासणी करून घ्या.

विरघळलेला प्राणवायू जागेवरच मोजा किंवा रसायनं घालून जागेवरच बांधून ठेवा. कुर्ल्याहून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतले जिवाणू तो खातच असतात. उलट, पुलावरून बादली सोडून बाटलीत धबधबा ओतला तर हवा मिसळते आणि आकडा वाढतो. काळ्या, वासाच्या पाण्यात ८ आला तर आधी बाटलीतला बुडबुडा आणि मीटरचं कॅलिब्रेशन तपासा.

जिवाणूंच्या चाचणीची निर्जंतुक बाटली नदीत खंगाळू नका. ती बर्फात ठेवा आणि सहा तासांत पोचवा. ट्रॅफिक धरूनच निघा.

जुलैत आकडे उतरतात म्हणून नदी सुधारली, असं जाहीर करू नका. पाणी दहापट वाढलं आणि बीओडी निम्मा झाला, तरी समुद्रात जाणारी घाण पाचपट झालेली असते. प्रवाह मोजता येत नसेल, तर पावसाळ्याची तुलना पावसाळ्याशीच करा. आणि त्या दिवसांत हातमोजे, गमबूट घातल्याशिवाय पाण्याजवळ कुणालाही उतरू देऊ नका. लेप्टोस्पायरोसिसला, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाला, पायावरची छोटी जखमही पुरते.