सिंथचा ऑसिलेटर लिहिताना या चुका टाळा: एलियसिंग नेमकं कुठून येतं?

सिंथच्या ऑसिलेटरमधून, म्हणजे लहर तयार करणाऱ्या भागातून, वरच्या सप्तकात सॉ (करवतीच्या दातांसारखी लहर) वाजवला की मागे भलताच एखादा सूर कुंईकुंई करतो आणि पिच वर नेला की तो सूर खाली येतो. असं ऐकू आलं तर स्पीकर किंवा साउंड कार्डावर संशय घेऊ नका. ते एलियसिंग आहे आणि ते तुमच्या कोडमध्ये आहे.

44,100 हर्ट्झच्या सॅम्पल रेटमध्ये (सेकंदाला 44,100 नमुने) त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे 22,050 हर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. जे वर जातं ते उलटून खाली येतं. 3,000 हर्ट्झचा सॉ घ्या. त्याचा 15वा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या 15 पट सूर) 45,000 हर्ट्झचा, म्हणून तो 44,100 वजा जाऊन 900 हर्ट्झवर ऐकू येतो, तोही मूळ स्वराच्या 1/15 ताकदीने, म्हणजे जेमतेम 24 डेसिबल खाली. मूळ स्वराच्याही खाली असलेला हा बेसूर कान सोडत नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ऑसिलेटरच्या पुढे लो-पास फिल्टर (वरचे सूर कापणारा) लावणं. तो 900 हर्ट्झचा सूर एकदा सॅम्पलमध्ये उतरला की खऱ्या 900 हर्ट्झपासून त्याला वेगळं काढता येत नाही. फिल्टर खाली ओढत गेलात तर आधी मूळ स्वरच जाईल.

ओव्हरसॅम्पलिंगवरही (लहर जास्त रेटने तयार करून मग खाली आणणं) लोक भलता भरवसा ठेवतात. सॉचे हार्मोनिक दर सप्तकाला 6 डेसिबलनेच उतरतात, त्यामुळे रेट दुप्पट केला तरी फायदा साधारण तेवढाच, आणि सीपीयूचा खर्च मात्र दुप्पट. त्यातून परत खाली येताना फिल्टर न लावता एकाआड एक सॅम्पल टाकून दिलं, तर केलेलं सगळं वाया. निघतो तो पहिलाच सॉ.

त्यापेक्षा पॉलीब्लेप बरा. उडीच्या (लहर एकदम पडते किंवा चढते त्या जागेच्या) आजूबाजूच्या दोन सॅम्पलना दुरुस्ती द्यायची, बस. पण तो बिघडतो तो अगदी किरकोळ जागी. दुरुस्तीची रुंदी दर सॅम्पलला होणाऱ्या फेजच्या (आवर्तनातल्या जागेच्या, 0 ते 1) वाढीवर, म्हणजे फ्रिक्वेन्सी भागिले सॅम्पल रेट या आकड्यावर ठरते. व्हायब्रेटोत (स्वर थरथरवताना) फ्रिक्वेन्सी बदलली आणि हा आकडा जुनाच राहिला की दुरुस्ती चुकते. दुसरी भानगड चिन्हाची: −1 पासून 1 पर्यंत चढून खाली पडणाऱ्या सॉमधून दुरुस्ती वजा करायची. स्क्वेअरला (चौकोनी लहरीला) दोन कडा असतात, चढत्या कडेला अधिक आणि उतरत्या कडेला वजा. चिन्ह उलटं पडलं तर कडेला टोकं दिसतात आणि एलियसिंग उलट वाढतं. पल्सची (असमान स्क्वेअरची) रुंदी बदलत असेल तर दुसऱ्या कडेचा फेज 1 च्या पुढे जातो. तो परत 0 ते 1 मध्ये आणायला विसरलात, तर ती कडा बिनदुरुस्तीची राहते.

ट्रँगलला उडी नसते, कोपरा असतो. तिथे पॉलीब्लेप थेट लावून काही होत नाही. दुरुस्त केलेल्या स्क्वेअरचं लीकी इंटिग्रेशन (जुनं हळूहळू विसरत जाणारी बेरीज) करा. हार्ड सिंकमध्ये (मास्टर ऑसिलेटर दर आवर्तनाला दुसऱ्याला, म्हणजे स्लेव्हला, पुन्हा सुरू करतो) फेज थेट शून्यावर आणू नका. मास्टर सॅम्पलच्या नेमक्या कितव्या हिश्शात फिरला ते काढा, स्लेव्हचा फेज तिथून मोजा आणि उडीची उंची दर वेळी नव्याने धरा.

वेव्हटेबलवाल्यांची (लहर आधीच टेबलात साठवून वाचणाऱ्यांची) चूक एकच: सगळ्या पट्ट्यांना एकच टेबल. सप्तकागणिक निदान एक वेगळं, हार्मोनिक कापलेलं टेबल हवं. ऑसिलोस्कोपवर अशा लहरीच्या कडेला तरंग दिसतील. ते तसेच दिसायचे, ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका.

तपासणीतली एक फसवणूक मात्र हमखास घडते. 441 किंवा 2,205 हर्ट्झने 44,100 ला नि:शेष भाग जातो, त्यामुळे उलटून आलेले सूर बरोबर हार्मोनिकवरच बसतात आणि अगदी कच्चा सॉसुद्धा स्वच्छ वाटतो. 2,489 हर्ट्झसारखा आडनिडा आकडा घ्या, किंवा सरळ स्वीप (सलग वर चढणारा स्वर) वाजवून स्पेक्ट्रोग्रॅम (वेळेनुसार फ्रिक्वेन्सीचं चित्र) पाहा: स्वर चढताना ज्या रेघा उतरतात, ते एलियसिंग.

ऑसिलेटर स्वच्छ निघाला आणि कुंईकुंई तशीच राहिली, तर पुढचं डिस्टॉर्शन बंद करून ऐका. घनाचं सूत्र वापरणारं सॅच्युरेशन 10,000 हर्ट्झच्या सुरातून 30,000 चा सूर तयार करतं. ओव्हरसॅम्पलिंगची खरी जागा ही.

एलएफओला (दुसरी काही गोष्ट हलवणाऱ्या मंद ऑसिलेटरला) यातलं काही लावू नका. 5 हर्ट्झच्या सॉचे 4,410व्या हार्मोनिकनंतरचेच तेवढे उलटतात, तेही 73 डेसिबल खाली.