डाळ कुठल्या पाण्यात शिजते? गावातल्या फ्लोराइडचा अभ्यास करताना

पांढरकवड्याकडच्या एका गावात मी पहिल्यांदा नमुने घ्यायला गेले, तेव्हा तिथल्या एका आजींनी मला रसायनशास्त्रातली मोठी गोष्ट सांगितली. तेव्हा ती माझ्या ध्यानातही आली नाही. गावात चार बोरिंग होत्या (आमच्या भागात हातपंपाला बोरिंगच म्हणतात). त्यांतल्या सगळ्यात दूरच्या बोरिंगवर बायकांची रांग लागलेली. "इतक्या लांबून का आणता?" असं विचारलं, तर म्हणाल्या, "याच्यात डाळ झटकन शिजते, बाई. बाकीचं पाणी जड हाय."

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी फील्ड प्रोजेक्ट करणाऱ्या मुलामुलींना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे. पाण्यातलं फ्लोराइड (खडकातून पाण्यात उतरणारं आणि जास्त झालं की दात-हाडं बिघडवणारं) हा विषय एका खात्यात मावत नाही. खडक भूगर्भशास्त्राचा, पंप इंजिनीअरिंगचा, दात वैद्यकाचा, आणि कोण कुठून पाणी भरतं हा प्रश्न गावाचा. यांतलं एक जरी बघायचं राहून गेलं तरी उरलेल्या तिन्हींचे आकडे दिशाभूल करतात.

आधी त्या डाळीचं बघू. पाण्यात कॅल्शियम जास्त असलं की ते डाळीच्या पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनला धरून ठेवतं आणि डाळ मऊ पडत नाही. हेच कॅल्शियम फ्लोराइडलाही बांधून ठेवतं, पाण्यात फार वाढू देत नाही. जिथे कॅल्शियम कमी होऊन सोडियम आणि बायकार्बोनेट वाढतं, पाणी थोडं अल्कधर्मी होतं, तिथे डाळही लवकर शिजते आणि फ्लोराइडलाही मोकळीक मिळते. म्हणून पुष्कळदा गावाच्या आवडीचंच पाणी सगळ्यात आधी तपासावं लागतं. नियम म्हणून हे धरू नका, पण पहिला प्रश्न म्हणून नक्की विचारा. जमलं तर प्रयोगही करा: प्रत्येक स्रोताचं सारख्याच मापाचं पाणी, एकाच पोत्यातली 50 ग्रॅम तूरडाळ, एकच भांडं, एकच शेगडी, आणि घड्याळ. बायकांसमोर करा. पुढे अहवाल समजावताना हाच प्रयोग तुमच्या कामी येतो.

पहिल्या दिवशी बाटल्या नेऊच नका. गावाचा हातनकाशा काढा: बोरिंग, विहिरी, नळाची टाकी, आणि शिवारातल्या बोअरवेल. शिवारातल्या बोअरवेल आम्ही सुरुवातीला सोडल्या, आणि तिथेच चूक झाली. मे महिन्यात शेतात किंवा रोजगार हमीच्या कामावर राबणारी बाई दिवसातलं बरंचसं पाणी घराबाहेर पिते. तिच्या घरच्या हंड्यात फ्लोराइड कमी निघालं म्हणून ती सुरक्षित, असं म्हणता येत नाही. समजा शेतातल्या बोअरच्या पाण्यात लिटरला 2 मिलिग्रॅम फ्लोराइड आहे आणि ती तिथे चार लिटर पाणी पिते, तर 8 मिलिग्रॅम तिथेच पोटात गेलं. म्हणून "घरी काय पिता" याच्या जोडीला "दुपारी काय पिता" हेही विचारा. घरचा हंडा लिटरच्या मापाने एकदा मोजून घ्या. हंडे सगळीकडे सारखे नसतात.

प्रत्येक बोरिंगची खोली आणि ती कोणत्या वर्षी मारली, हे ग्रामपंचायतीत विचारा, पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला विचारा, आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातही विचारा. मिस्त्रीला किती पाइप टाकले ते पाठ असतं. यवतमाळच्या दक्षिणेला काळ्या पाषाणाच्या खाली काही ठिकाणी चुनखडक आणि शेल लागतो. त्यामुळे शेजारशेजारच्या एका उथळ विहिरीचं आणि एका खोल बोरचं पाणी अगदी वेगळं निघू शकतं. खोली लिहिलेली नसेल तर त्या आकड्याचा अर्थच लावता येत नाही.

आता नमुना. सकाळची गर्दी ओसरली की घ्या, म्हणजे पाइपातलं शिळं पाणी आपोआप निघून गेलेलं असतं. गर्दी नसेल तर हापसावं लागेल: 32 मिलिमीटरच्या पाइपात 30 मीटर खोलीपर्यंत सुमारे 24 लिटर पाणी उभं असतं, म्हणजे दोन-तीन बादल्या तरी काढाव्या लागतात. ते पाणी सांडू नका, गुरांच्या टाक्यात टाका. बाटली प्लास्टिकची हवी, काचेची चालत नाही, कारण फ्लोराइड काचेशी अभिक्रिया करतं. पहिल्या वर्षी मी नमुने काचेच्या बाटल्यांत आणले होते. ते सगळे टाकून पुन्हा गावात जावं लागलं, आणि दोन दिवस मजुरी बुडवून सोबत फिरलेल्या माणसाला पुन्हा यायला सांगताना मला फार वाईट वाटलं. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, तिथल्या तिथे क्रमांक घाला, पीएच आणि विद्युतवाहकता जागेवरच मोजा. दर दहा नमुन्यांमागे एक जोड नमुना (त्याच पाण्याची दुसरी बाटली) घ्या, आणि डिस्टिल्ड पाण्याची एक बाटली गावात फिरवून परत आणा. ती बाटली स्वच्छ निघाली नाही तर बाकीच्या आकड्यांवरही विसंबता येणार नाही.

प्रयोगशाळेत फ्लोराइड मोजणारा इलेक्ट्रोड असेल तर उत्तम. नमुन्यात सारख्याच आकारमानाचं टायसॅब हे बफर घाला. त्याने पीएच 5 ते 5.5 राहतो आणि अॅल्युमिनियमने धरून ठेवलेलं फ्लोराइडही सुटतं. लिटरला 0.1, 1 आणि 10 मिलिग्रॅमची प्रमाण द्रावणं आधी मोजून बघा. दहापट बदलाला 54 ते 60 मिलिव्होल्टचा फरक येत नसेल तर थांबा, इलेक्ट्रोड बघा. सगळी द्रावणं एकाच तापमानाला आणा, उन्हाळ्यात हे विसरू नका. कॅल्शियम, कठीणपणा आणि नायट्रेटही मोजा. भारतीय मानक आयएस 10500 (2012) प्रमाणे फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. नायट्रेटची मर्यादा 45. फ्लोराइड कमी पण नायट्रेट जास्त असलेली विहीर आमच्याकडे निघते, आणि ती "सुरक्षित" म्हणून दाखवली तर लहान बाळांना धोका होतो.

दातांचं काम दंतवैद्याशिवाय करू नका. कॉलेजच्या किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नीतिसमितीची परवानगी, पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, या तिन्ही गोष्टी आधी. सहसा 12 वर्षांची मुलं तपासतात, दिवसाच्या उजेडात, डीनच्या निर्देशांकाने (दातांवरच्या डागांची तीव्रता अंकांत मांडायची पद्धत). त्यात सगळ्यात बाधित दोन दात बघतात, आणि दोन्ही सारखे नसतील तर कमी बाधित दाताचा अंक धरतात. फ्लोरोसिसचे (जादा फ्लोराइडने होणाऱ्या दात-हाडांच्या विकाराचे) पांढुरके किंवा तपकिरी पट्टे डाव्या-उजव्या दातांवर जोडीने दिसतात. खर्र्याचे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचे) डाग तसे नसतात, ते घासून निघतात. विदर्भात हा फरक विद्यार्थ्याला कळलाच पाहिजे.

आणखी एक. समोरच्या दातांचं इनॅमल साधारण वयाच्या आठव्या वर्षापर्यंत तयार होतं. म्हणजे 12 वर्षांच्या मुलाचा दात आजच्या पाण्याबद्दल नव्हे, तर त्याच्या बाळपणीच्या पाण्याबद्दल सांगतो. मूल याच गावात जन्मलं का, आई माहेरी किती राहिली, तेव्हा कोणती बोरिंग चालू होती, हे आईलाच विचारावं लागतं. या एका प्रश्नाअभावी आमच्या एका गटाला पाणी आणि दात यांचा मेळच लागेना. नंतर कळलं, ती बोरिंग नवी होती.

दातांचे फोटो छापू नका, आणि गावाचं नाव वर्तमानपत्रात देण्याआधी गावाला विचारा. डागांमुळे मुलींच्या लग्नात अडचण येते हे मी आयांच्या तोंडून ऐकलं आहे. गुडघेदुखी, पाठ आखडणं याला फ्लोरोसिस म्हणायची घाई करू नका. त्या व्यक्तीला प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांकडे घेऊन जा.

लोक विचारतात, "पाणी उकळून प्यावं का?" नाही. उकळल्याने पाणी आटतं आणि फ्लोराइड उलट दाट होतं. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली. ती चालते, पण रोज कुणीतरी मात्रा मोजायला आणि गाळ काढायला हवं. म्हणून यंत्र सुचवण्याआधी गावात कमी फ्लोराइडची एखादी जुनी विहीर आहे का ते बघा. पाणी फक्त पिण्या-रांधण्यापुरतं हवं, धुण्याला जुनीच बोरिंग चालते. मात्र त्या विहिरीवर कुणाकुणाला जाता येतं, हे विचारल्याशिवाय ती सुचवू नका. आम्ही एकदा एका वस्तीतल्या बोरिंगला, पिण्याला चालत नाही अशी खूण म्हणून, लाल रंग मारून मोकळे झालो. त्या वस्तीतल्या बायकांना दुसऱ्या वस्तीतल्या विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, हे आम्हाला महिन्याने कळलं. त्या महिनाभर त्या लाल बोरिंगचंच पाणी पीत होत्या. त्या बायकांची मी आजही देणेकरी आहे.

निकाल ग्रामसभेत सांगा, मराठीत, एका पानावर: बोरिंगचा क्रमांक, कुठे आहे, पिण्याला चालेल की नाही. आकडे खाली लहान अक्षरात. एक प्रत अंगणवाडी ताईंकडे आणि एक आशाताईंकडे ठेवा. मग पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्याच बोरिंगवर त्याच क्रमांकाच्या बाटल्या घेऊन पुन्हा जा. मे महिन्यातला आकडा आणि हा आकडा शेजारी शेजारी मांडल्याशिवाय प्रोजेक्टवर मी सही करत नाही.